उजव्या पाकळीमागचं गंध

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. घरात नाही, भावकीत नाही. देवाजवळसुद्धा नाही — त्याला काय सांगायचं? तो समोरच होता, त्याने बघितलं. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, म्हणून तर जीभ जरा सैल होतेय. ओळखीच्या माणसाला सांगायचं म्हणजे सांगताना त्याचं तोंड बघावं लागतं. ते माझ्याने व्हायचं नाही.

मी गुरव. मालवणच्या दक्षिणेला समुद्राकाठच्या एका गावात रवळनाथाची पूजा आमच्या घराण्याकडे. गावाचं नाव राहू द्या. वडील लवकर गेले, तेव्हा मी विशीतही नव्हतो. पन्नास-एक्कावन्नचं साल असेल. त्यांच्या मागे पूजा माझ्याकडे आली, दिवाबत्ती आली, आणि कौल आला. कौल आमच्याकडच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही, तुम्हाला सांगतो. गावात काही अडलं — जमिनीचा तंटा, ठरत नसलेलं लग्न, गुरांची मर — की देवाला विचारायचं. गुरव ओल्या पाकळ्या देवाच्या पाषाणावर चिकटवतो, एक उजव्या अंगाला, एक डाव्या. मग गावकर, म्हणजे गावचा मुख्य मानकरी, मोठ्याने गाऱ्हाणं घालतो आणि जमलेली माणसं दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. पडेपर्यंत थांबायचं. कधी दहा मिनिटं लागतात, कधी दुपार होते. एकदा पडली की पुढे त्यावर कुणी तोंड उघडायचं नाही, अशी रीत.

ह्या कामाचा मी मोठा भाव खायचो, खोटं कशाला बोलू? सातवी पास पोरगा, आणि पांढऱ्या मिशांचे मानकरी श्वास रोखून माझ्या बोटांकडे बघत उभे! डोक्यात हवा जाणार नाही तर काय होईल?

पण सांगायचं आहे ते हसनभाईचं. आमच्या गावात मुसलमानांची दोनच घरं, आणि हसनभाई हा आमच्या रापणीचा डोळा. रापण म्हणजे होडीतून भलंमोठं जाळं समुद्रात अर्धगोल सोडत न्यायचं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून अख्ख्या वाडीने ओढायचे. जो दोराला हात लावील त्याला मासळीचा वाटा. पण जाळं सोडायचं कुठे? होडीतल्या माणसाला मासळीचा थवा दिसत नाही. तो उंचावरून दिसतो, पाण्याचा रंग फिरतो त्यावरून. वाडीच्या टोकाला खडक आहे, त्यावर हसनभाई उभा राहायचा आणि खांद्यावरचा पंचा हलवून होडीला सांगायचा — इकडे घ्या, अजून पुढे, आता सोडा. त्याचा बाप हेच करायचा, आजाही हेच. त्या पंच्यावर गाव जेवत होतं म्हटलं तरी चालेल.

संत वगैरे नव्हता हो तो. तोंडाचा फाटका. होडीवाल्यांनी खूण पाळली नाही की खडकावरून असा सुटायचा की दोराला लागलेल्या बायका पदरात तोंड घालायच्या. “शिरा पडो तुमच्या तोंडार! डोळे काय देवळात ठेवन इलात?” — म्हणजे माझ्या देवळावरूनच! आपल्या नजरेचा त्याला गर्व होता, कुणी दुसऱ्याने ‘तो बघ थवा’ म्हटलं की दिवसभर बोलायचा नाही. मला तो बाबल्या म्हणायचा. गुरवपण आलं, लग्न झालं, पोरं झाली, तरी बाबल्याच.

पासष्ट साली लढाई लागली. रापणीचा हंगाम नुकता उघडला होता. वाडीत रेडिओ एक, आणि त्याच्याभोवती माणसं शंभर. त्यातलं कुणीतरी बोललं — कोण ते मला ठाऊक आहे, पण त्याच्यावर ढकलून माझं हलकं व्हायचं नाही — की हा माणूस रोज समुद्राकडे तोंड करून पंचा हलवतो, तो नक्की कोणाला? झालं! पाकिस्तानची बोट कुठे आणि आमची वाडी कुठे? पण विचारणार कोण? चार दिवसांत लहान पोरंसुद्धा हसनभाईला बघून पंचा हलवल्यासारखे हात करू लागली. मालवणहून हवालदार आला. त्याने पंचा उलटासुलटा करून बघितला, वास घेऊन नाक मुरडलं, चहा घेतला आणि गेला. सरकारचं समाधान झालं. गावाचं काही झालं नाही. हसनभाईला निरोप गेला: खडकावर चढायचं नाही, आणि त्याच्या घरातल्या कुणी दोराला हात लावायचा नाही. पुढे महिनाभरात लढाई थांबली. बंदी तशीच राहिली.

मी काय केलं म्हणता? काही नाही. सकाळ-संध्याकाळ घंटा वाजवली.

जे काही केलं ते त्याच्या मुलीने केलं. रुकय्या तिचं नाव. एकोणीस वर्षांची, मालवणात आत्याकडे राहून मॅट्रिक झालेली. ती अर्ज लिहायला बसली. मामलेदाराला लिहिला, कलेक्टरला लिहिला, उत्तर नाही म्हटल्यावर परत मामलेदाराला. आणि फक्त बापाचाच नाही. पलीकडच्या गावात एका मुसलमानाला तरीवर, खाडी ओलांडायच्या होडीत, घेत नव्हते. शिरोड्याकडे एका शिंप्याच्या दुकानाची पायरी लोकांनी सोडली होती. तिला कळलं की ती तिथे जायची, चालत नाहीतर एसटीने, बसून विचारायची, लिहून काढायची, अंगठे घ्यायची. सावंतवाडीला जाऊन एका वकिलालाही भेटून आली. एकटी! गावात म्हणायचे, हसनाचा चेडू कलेक्टर झाला. सगळे हसायचे. त्या हसण्यात मीही होतो.

एकदा ती माझ्याकडे आली. खडकावरून खुणा करायचं काम तीन पिढ्या हसनभाईच्याच घराकडे आहे, एवढ्यावर गुरवाची सही हवी होती. कागद वाचला मी. अक्षर मोत्यासारखं. ‘आम्ही ह्याच गावचे आहोत. वडिलांना त्यांचे काम करू द्यावे. धर्मावरून माणसाला वेगळे काढू नये, असा ह्या देशाचा कायदा आहे.’ बस. कुणावर आरोप नाही, कुणाचं नाव नाही. मी कागद परत दिला आणि म्हटलं, बघतो.

“बघूचा काय त्यात, दादा? तुमी जन्मापासून बघितलाच आसा,” ती म्हणाली. मी तांब्या घेऊन विहिरीवर गेलो. काही काम नव्हतं विहिरीवर.

माझ्या सहीवाचूनही तिचं अडलं नाही. शिमग्याच्या आधी कचेरीतून पत्र आलं की मामलेदारसाहेब जातीने गावात येऊन चौकशी करणार. तारीखसुद्धा दिली होती. साहेबाने जाब विचारला तर सांगायचं काय, पंचा हलवतो म्हणून? तेव्हा आमचे गावकर — तात्या म्हणत त्यांना — देवळासमोर सगळ्यांना जमवून हसनभाईला म्हणाले, सरकार कित्याक गावात आणूचा? आपण देवाक इचारूया. उजवो कौल लागलो तर उद्यापासून खडकार उभो ऱ्हव.

रुकय्या पायरीवर उभी होती. एवढ्या माणसांत ती बोलली: “जा आपलाच आसा, ता देवाक कित्याक इचारूचा? बाबांचो हक्क पाकळेर टांगू नका. पाकळी काय, वाऱ्यानपण पडता.”

हे मला लागलं. तुम्हाला म्हणून सांगतो, फार लागलं. माझ्या देवळात, माझ्या पायरीवर, माझ्या पाकळीला वारा म्हणाली! बापाने तिला गप्प केलं. हसनभाईचं म्हणणं साधं होतं. “सायब येतलो आणि जातलो. माका हयच ऱ्हवाचा आसा. आणि रवळनाथ माका वळाखता. तो खोटा सांगूचो नाय.” त्याने तिथल्या तिथे तिला सांगितलं, अर्ज मागे घेतला म्हणून लिही. तिने ते लिहिलं. बापाचा शब्द म्हणून स्वतःच्या हाताने लिहिलं, माझ्या देवळाच्या पायरीवर बसून, आणि तात्यांच्या हातात दिलं. एवढे महिने चालून चालून जे मिळवलं ते दोन ओळींत संपलं. माझ्या भरवशावर. म्हणजे देवाच्या म्हणा — पण बोटं कोणाची होती?

आता इथवर आलोय तर पुढचं सांगायलाच हवं. थांबलो की परत तोंड उघडायचं नाही.

कौलाच्या सकाळी मी फुलं घेऊन येत होतो. वाटेवर चार जण बसले होते. त्यातला एक म्हणाला, “गुरवानू, बघा हां.” एवढंच. बघा हां! त्याचा अर्थ काय? धमकी होती? थट्टा होती? की आपलं सहज, लवकर आटपा म्हणून? मी आजपर्यंत तो अर्थ लावतोय. पण नीट ऐका — मला कुणी काही करायला सांगितलेलं नव्हतं. तात्यांनी नाही, मानकऱ्यांनी नाही, त्या चौघांनीही नाही. गावाला काय हवं ते माझं मीच ठरवलं. उजवा कौल लागला तर माझ्याकडे कसे बघतील, मुसलमानाच्या बाजूने झाला म्हणतील, माझ्या पोरांना काय बोलतील — सगळं माझ्याच डोक्यात. आणि त्याच डोक्यात रुकय्याचा तो वारा.

गाभाऱ्यात मी एकटा. सहाणेवर गंध उगाळलेलं होतं. मी करंगळीच्या नखावर घेतलं, मोहरीएवढं, आणि उजव्या पाकळीच्या पाठीला लावलं, म्हणजे ती लवकर सुटायची नाही. डावी पाकळी नुसती पाण्यात बुडवून झटकली. दोन्ही लावल्या. हात थरथरला नाही. तुम्हाला वाटत असेल थरथरला असेल. नाही. रोजच्या पूजेसारखं झालं.

मग तात्यांनी गाऱ्हाणं घातलं. “बा देवा रवळनाथा म्हाराजा! हसन तुझ्या दारात उभो आसा. पिढ्यानपिढ्या तेच्या घरान तुझ्या गावाची चाकरी केली. लढायेच्या दिसांत आमच्या मनात किंतू इलो. तेका परत दोराक लावूचा काय नको, ता तूच सांग, म्हाराजा!” दर वाक्याला सगळं देऊळ ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होतं. हसनभाई आत येत नसे, मंडपाच्या पहिल्या खांबाजवळ उभा होता. सगळ्यांत मोठा आवाज त्याचा. खडकावरून ओरडायची सवय ना.

पंधरा मिनिटं गेली असतील. डावी पडली.

मला वाटलं होतं माणसं खूश होतील, निदान हुश्श करतील. कोणी खाकरलंसुद्धा नाही. हसनभाईने हात कपाळाला लावला, “बरा. देवाची मर्जी” म्हणाला आणि वहाणा घालून चालू लागला. रुकय्या देवाकडे बघत नव्हती. माझ्या हातांकडे बघत होती. मी पाठ करून उजवी पाकळी काढली आणि मागचं गंध धोतराच्या सोग्याने पुसलं.

चार दिवसांनी तात्या देवळात आले, एकटेच. खांबाला टेकून बसले आणि म्हणाले, “मेल्या, माका वाटला उजवो लागतलो. गावाक मागे सराक वाट व्हयी होती. सायबापुढे वाकण्यापरास देवापुढे वाकलेला बरा, म्हणान कौल काढलो. आता काय बोलतलो? देवानच नको म्हटल्यान.”

समजलं तुम्हाला? मला तिथल्या तिथे समजलं. गावाला आपली चूक कळली होती. चुकलो म्हणायची लाज, म्हणून त्यांनी ते देवाच्या तोंडून वदवून घ्यायचं ठरवलं होतं. आमच्याकडे कौल असाही लावतात — मी गुरव, मला हे ठाऊक नसावं? सगळं देऊळ उजव्या पाकळीची वाट बघत होतं. वाटेवरचे ते चौघेही बहुतेक बघत होते. मीच एक गावाला ओळखलं नाही.

तात्या समोर बसले होते. त्या वेळी एक वाक्य बोललो असतो तर? तात्यांनू, माझ्या हातून पाप झालं, कौल परत लावा. देऊळ गेलं असतं माझ्याकडून, मार पडला असता, पण हसनभाई दुसऱ्या दिवशी खडकावर असता. मी म्हणालो, “देवाची इच्छा.” आणि त्यांना तीर्थ दिलं.

तुम्हाला वाटेल हाच तो गुन्हा. मलाही खूप वर्षं असंच वाटायचं. पण ह्याच्यापुढे अजून आहे.

पावसाळ्याच्या तोंडावर हसनभाई आला. एवढ्या तीन-चार महिन्यांत त्याची छाती बसली होती. काथ्या वळायचं काम धरलं होतं त्याने, तळव्यांना भेगा. पायरीवर बसला आणि म्हणाला, “बाबल्या, देवाचो राग कित्याक झालो, ता तेका इचार. गावाचा माका काय वाटणा नाय. माणसां ती. पण रवळनाथान नको म्हटल्यान, म्हणजे माझाच कायतरी चुकला.”

मी गाभाऱ्याकडे बघत राहिलो. त्याला वाटलं मी देवाला मनातल्या मनात विचारतोय. मग तोच बोलू लागला. एका वर्षी पेडव्यांचा मोठा थवा आला होता. सकाळी होडीवर कुणीतरी त्याच्या बापाविषयी वाकडं बोललं होतं, त्याच्या डोक्यात राग. थवा समोरून गेला आणि त्याने पंचा हलवलाच नाही. जाळं रिकामं आलं. त्या वर्षी वाडीत उपास पडले. “ता मी कोणाक सांगूक नाय,” तो म्हणाला. “बायलेक पण नाय. आज तुका सांगतंय. ताच काय रे?”

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या डोळ्यांत, ज्यांचा त्याला एवढा गर्व.

आणि मी म्हटलं — होय. ताच.

एवढ्यावर थांबलो नाही. उपाय सांगितला. गुरवच ना मी! दरवर्षी रापण सुरू व्हायच्या आधी देवाच्या पायरीवर एक नारळ ठेवायचा आणि त्या चुकीची क्षमा मागायची, असं सांगितलं. किती वर्षं, त्याने विचारलं. मी म्हटलं, देवाचा राग जाईपर्यंत. तो उठला तेव्हा त्याचा चेहरा हलका झाला होता. कारण सापडलं होतं त्याला. माझ्याजवळून हलका होऊन गेला तो माणूस, काय सांगू तुम्हाला!

त्याने तीन वर्षं नारळ आणला. दर वेळी विचारायचा, कौल परत लावून बघूया काय? मी म्हणायचो, अजून वेळ नाही. लावला असता तर उजवा लागला असता, गंधाशिवाय, सरळ. मग लोक म्हणाले असते, आधी कसा डावा लागला? म्हणून नाही लावला. रुकय्याला तोवर रत्नागिरीकडे शाळेत नोकरी लागली होती. तिथेही लोकांचे अर्ज लिहून देते, असं कानावर यायचं. गावात आली तर देवळाच्या वाटेने जात नसे.

एकोणसत्तरच्या पावसात हसनभाई तापाने गेला. मी मातीला गेलो होतो, सगळा गाव गेला होता. तात्या रडले.

पंधरा-वीस दिवसांनी, भर दुपारी, रुकय्या देवळात आली. हातात नारळ. सोलून, शेंडी ठेवून, नीट आणलेला. मंडपात मी एकटाच होतो. तिने तो पायरीवर ठेवला.

“बाबांनी सांगितलल्यानी. ह्या वर्साचो ऱ्हवलो होतो. त्यांचो तुमच्या देवार शेवटपर्यंत इश्वास होतो, गुरव.”

मी बोलू शकलो असतो. ती होती, मी होतो, आणि समोर देव. दुसरं कुणी नव्हतं. तिला वर्षानुवर्षं जे ऐकायचं होतं, ते माझ्या तोंडात होतं. निदान तिला कळलं असतं की बाप चुकीचा नव्हता. देवाने त्याला कधी नको म्हटलं नव्हतं.

मी नारळ उचलला आणि फोडला. एक भकल, अर्धा नारळ, तिच्यापुढे धरलं, रीतीप्रमाणे. ती नको म्हणाली आणि गेली. दोन्ही भकलं मी घरी नेली. बायकोने त्या खोबऱ्याचं वाटप लावून काळ्या वाटाण्यांचं सांबारं केलं. मी दोनदा भात मागून घेतला.